निरंक

महाविद्यालयातली लैंगिक छळ प्रतिबंधाची कार्यशाळा संपली होती. बॅनरसमोर फोटो झाला, पाहुण्या वकील मॅडमना शाल आणि रोप दिलं, हजेरीचा कागद शेवटच्या बाकापर्यंत फिरून सह्यांनी भरून परत आला आणि सगळी मंडळी चहाकडं वळली. बाहेर जुलैतला कोल्हापूरचा पाऊस, सकाळपासून एका लयीत चाललेला. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, पायपुसण्याचा कुबट वास, टेबलावर चहाचे कप आणि ताटलीत भडंग. गर्दी जरा पांगल्यावर एक संशोधक विद्यार्थिनी वकील मॅडमच्या जवळ आली. कप दोन्ही हातांत धरलेला, चहाला तोंड लावलेलं नाही. तिनं विचारलं, "मॅडम, एखादीनं तक्रार केली, तर त्यानंतर तिचा गाईड कोण होणार?" मॅडमनी एकवार माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "ते विद्यापीठाच्या नियमाप्रमाणं ठरेल." मुलगी "बरं" म्हणाली. भरलेला कप तसाच टेबलावर ठेवला आणि "येतो मॅडम, साडेपाचची एस.टी. चुकंल" म्हणत पावसात निघून गेली.

त्या प्रश्नानं पुढं कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही. ती स्वतःबद्दल विचारत होती की मैत्रिणीबद्दल, मला माहीत नाही. चहाच्या टेबलाशी, दहा जणांच्या कानावर जाईल अशा जागी तिला उलट काही विचारणं बरंही नव्हतं. पण त्या सगळ्या दुपारीत तेवढा एकच प्रश्न असा होता की ज्याच्या उत्तरावर कुणाचं तरी आयुष्य अडलेलं असू शकतं. आणि व्यासपीठावरच्या आम्हा कुणाकडंच त्याचं उत्तर तयार नव्हतं.

मी आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे, त्यामुळं दर वर्षीचा हा कार्यक्रम मला आता पाठ झालाय. पहिल्या स्लाईडवर विशाखा निकाल, १९९७. दुसरीवर २०१३ चा कायदा. मग व्याख्या: नको असलेला स्पर्श, शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं, शरीरसुखाची मागणी. मग तक्रार कुणाकडं, किती दिवसांत. समोर बसलेल्या असतात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुली आणि एन.एस.एस.च्या स्वयंसेविका, कारण त्यांना बोलावलं की त्या येतात. मागच्या रांगेत मुलगे, हजेरीपुरते. ज्यांच्या हातात अंतर्गत गुण आहेत, प्रबंधावरची सही आहे, पुढच्या वर्षीची नेमणूक आहे, ती माणसं दीपप्रज्वलनाला असतात आणि पहिलं भाषण संपायच्या आत मीटिंगला म्हणून उठून जातात. मग दोन तास मुलींना सल्ले. एकटं थांबू नका, घरी लोकेशन पाठवा, ठामपणानं नाही म्हणा. मला हे ऐकताना दर वर्षी राग येतो आणि तो दर वर्षी वाढतोय. वर्तन सुधारायचं कुणी, आणि शिकवणी चाललीय कुणाची?

मुलींना धीट करायची हौस कोल्हापूरला मोठी, आणि ती मला मनापासून आवडते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करणाऱ्या पोरी पाहिल्यात ना? माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. दांडपट्टा फिरवायला लागली की पात्याचा सूं आवाज यायचा आणि बघणारे आपोआप चार पावलं मागं सरकायचे. तीच मुलगी प्रोजेक्टच्या फाईलवर सही घ्यायला एका केबिनमध्ये जाताना मैत्रिणीला दारात उभी करायची. तिच्या मनगटात ताकद काही कमी नव्हती. समोरच्या माणसाच्या हातात वीस गुण होते. पोलिसांच्या निर्भया पथकाची गाडी गेटवर आली की रस्त्यावरची टवाळखोर पोरं पांगतात, ते काम गरजेचंच आहे. पण गेटच्या आत, पडदा ओढलेल्या केबिनमध्ये, ज्याला ती "सर" म्हणते आणि ज्याच्या पाया पडते, त्याच्यापुढं लाठीकाठी काय करणार?

आणि ती पहिली, विशाखा निकालाची स्लाईड. तिच्यावर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त कुणी थांबत नाही. भंवरीदेवीचं नाव त्या स्लाईडवर मी क्वचितच पाहिलंय. राजस्थानातल्या भटेरी गावातली ती साथिन, म्हणजे सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातली कार्यकर्ती. बालविवाह थांबवायला गेली, ते तिचं कामच होतं, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती गप्प बसली नाही. पोलिसांत गेली, तपासणीसाठी फिरली, कोर्टात उभी राहिली. १९९५ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना त्या आरोपातून सोडून दिलं. तिच्या त्या लढ्यामागं उभ्या राहिलेल्या संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, तिथून १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, तोच विशाखा निकाल, आणि सोळा वर्षांनी कायदा आला. पुढं ती तत्त्वं कुठंच पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले न्यायालयात गेल्या आणि २०१२ च्या त्या निकालानं समितीच्या अहवालाला वजन दिलं. म्हणजे हा सगळा कायदा तक्रार करणाऱ्या आणि खोटी ठरवल्या गेलेल्या एका बाईपासून सुरू होतो. समोर बसलेल्या मुलींना हे नीट सांगितलं, तर त्यांना निदान एवढं कळेल की त्यांच्या मनातली भीती अगदी खरी आहे आणि ती भीती घेऊनच कुणीतरी पुढं गेलं होतं.

विशाखाचा निकाल लागला त्या वर्षी मी एम.ए. करत होते. राजारामपुरीत एका काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही मुली भाड्यानं राहायचो. निकालाची बातमी आमच्यापर्यंत आली नाही. आमचं प्रशिक्षण रात्री स्टोव्हवर भात शिजत असताना चालायचं. सीनियर मुली सांगायच्या, अमक्या सरांकडं नोट्स मागायला जाशील तर दुपारी जा, तेव्हा ऑफिसातले मामा बाहेर बसलेले असतात. तमक्यांकडं गेलीस तर दार ओढून घेऊ नकोस, ते "थंडी वाजते" म्हणतील. तिसऱ्याचं नाव घेताना सगळ्या एकमेकींकडं बघायच्या आणि विषय बदलायचा. आम्ही तिथून निघालो तेव्हा हे सगळं मागून आलेल्या नव्या मुलींना देऊन गेलो. त्यानं आम्ही वाचलो, हे मी नाकारत नाही. पण ज्या मुलीला खोलीत घेतलं नाही, जी खेड्यातून रोज जाऊन-येऊन करायची, जिची जात वेगळी म्हणून जिच्याशी कुणी फार बोलत नव्हतं, तिला यातलं काहीच कळत नव्हतं. ती सरळ त्या दारातून आत जायची. आणि ज्यांच्याबद्दल आम्ही कुजबुजायचो, ते सगळे सन्मानानं निवृत्त झाले. आज माझ्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच यादी नव्या नावांनी फिरते, हे मला माहीत आहे.

शिक्षणाच्या जगात तक्रारीची किंमत वेगळी असते आणि ते प्रशिक्षण देणाऱ्यांच्या गावीही नसतं. बँकेतल्या, कारखान्यातल्या लोकांना दाखवायच्या त्याच स्लाईड आम्हाला दाखवतात. कंपनीत निदान दुसरीकडं नोकरी शोधता येते. पीएच.डी. करणारी मुलगी गाईड सोडून कुठं जाईल? विषय त्यांचा, प्रयोगशाळा त्यांची, दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालावर सही त्यांची. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांची फेलोशिप असेल तर तिच्या कागदांवरही त्यांचीच सही. त्याच विषयाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आसपासच्या जिल्ह्यांत मोजकेच, आणि ते एकमेकांच्या तोंडी परीक्षांना परीक्षक म्हणून जातात. चार वर्षांचं काम टाकून ती ज्या दुसऱ्या गाईडकडं जाईल, तो आदल्या गाईडचा मित्र किंवा विद्यार्थी निघण्याचीच शक्यता जास्त. दोष सिद्ध झाल्यावर गाईडला काय शिक्षा होते यात तिला रस नसतो. येत्या सोमवारी चॅप्टर कुणाला दाखवायचा, हे तिला हवं असतं.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींचं आणखी अवघड. नेट-सेट झालेल्या, काही जणी पीएच.डी. झालेल्या, वर्षानुवर्षं तासावर पैसे घेऊन शिकवतात आणि दर वर्षी नव्यानं मुलाखत देतात. कायद्यानं त्यांनाही कर्मचारीच मानलंय, हंगामी असो, कंत्राटी असो की रोजंदारीवरची असो. पण पुढच्या वर्षी कुणाला परत घ्यायचं हे ज्या तीन-चार माणसांच्या मर्जीवर आहे, त्यांच्याच संस्थेत ती अर्ज देणार? अशा एका सहकारी मुलीनं मला स्टाफरूममध्ये, वह्या तपासत, मान वर न करता सांगितलं होतं, "मॅडम, माझं नाव यादीतून गेलं तर कुणी कारणही विचारणार नाही. ते म्हणतील, वर्कलोड कमी झाला."

त्यात तीन महिन्यांची मुदत.

शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. एका सत्राची लांबीच जवळपास सहा महिने. मुली बोलतात त्या निकाल लागल्यावर, व्हायवा झाल्यावर, पदवीचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर, लग्न होऊन नाव बदलल्यावर. तोवर मुदत कधीच उलटलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका अध्यापिकेचं प्रकरण निकाली निघालं. तक्रार कुलगुरूंविरुद्ध होती. छळाचा शेवटचा प्रसंग म्हणून एप्रिल २०२३ धरला गेला, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मुदतीबाहेर म्हणून ती टिकली नाही, आणि तरीही त्या निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या बायोडेटामध्ये राहावा असं न्यायालयानं सांगितलं. मी तो निकाल वाचला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. जिचं रोजचं काम कायदा शिकवण्याचं, तिची तक्रार मुदतीत बसली नाही. मग चंदगडहून, राधानगरीहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीकडून आम्ही कसली अपेक्षा करतोय? त्याच्या दोनच महिने आधी, जुलै २०२५ मध्ये, ओडिशातल्या बालासोरला बी.एड.च्या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीनं कॉलेजच्या आवारात स्वतःला पेटवून घेतलं. विभागप्रमुखाविरुद्ध तिनं लेखी तक्रार केली होती. ती मुदतीत आलेली होती, समितीकडं पोचलेली होती. पेटवून घेतल्यावर दोन दिवसांनी ती मुलगी गेली.

आमच्याकडं तक्रारपेटी आहे. लाल रंगाची पत्र्याची पेटी, वरच्या फटीशी रंग उडून गंज धरलेला, बारकंसं कुलूप. ती प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशेजारी, पाण्याच्या कूलरच्या वर लावलेली होती. समोर सीसीटीव्ही, बाजूला शिपाई मामांचं स्टूल, आणि मधल्या सुट्टीत तिथं पाण्यासाठी रांग. त्या पेटीत चिठ्ठी टाकणारी मुलगी अर्ध्या कॉलेजला दिसणार. किल्ली कार्यालयात, इतर किल्ल्यांच्या जुडग्यात. मी एकदा ती उघडून घेतली तेव्हा आत बिस्किटाच्या पुड्याचा कागद, एक मेलेलं झुरळ आणि बस पासबद्दलचा एक अर्ज होता. तो अर्ज मी नेऊन दिला. शेजारच्या फलकावर समितीची नावं होती आणि त्यातल्या एक मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. त्यांचा नंबर लागत नव्हता.

गोपनीयतेचं कलम मी स्लाईडवर मोठ्या अक्षरांत पाहते आणि मला आमचं गाव आठवतं. कोल्हापुरात कोण कुणाचा पाहुणा नाही? ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याची मेहुणी आमच्याच दुसऱ्या विभागात. समितीतल्या एकाचा मुलगा त्याच्याकडं क्लासला. नोटीस टाईप करणारा क्लार्क त्याच्या गल्लीतला, एकाच तालमीचा. दुपारी अर्ज आला तर संध्याकाळी चहाच्या गाड्यावर नाव फुटतं, आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या गावात कुणीतरी तिच्या वडिलांना गाठून "पोरीचं काय ऐकतोय" म्हणतो. इथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तक्रार खरी की खोटी हे ठरायच्या आत तिचं शिक्षण थांबतं. एका मुलीनं मला अगदी शांतपणे सांगितलं होतं, "मॅडम, सरांचा त्रास मी सोसतो. घरात कळालं तर बास म्हणतील, ते मला नाही सोसायचं." तिचा तो हिशेब चुकीचा होता असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही. या सगळ्यात समितीनं घरच्यांशी कसं बोलावं, बोलावं की नाही, याबद्दल प्रशिक्षणात अवाक्षर नसतं.

दुसरी बाजूही मनात असते. समितीच्या टेबलाशी बसलं की समोरच्या माणसाचंही पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, घ्यायलाच हवं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये शिक्षेचा आदेश रद्द केला, कारण समितीनं चौकशी घाईघाईनं उरकली आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण परत पहिल्या पायरीवर गेलं. ज्या मुलींनी धाडस करून जबाब दिले होते, त्यांना इतक्या वर्षांनी पुन्हा ते सगळं उकरायला लागणार, या विचारानं मला कसंतरीच झालं. चौकशी कशी करायची हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मी साहित्य शिकवते. जबाब कसा लिहून घ्यायचा, रडणाऱ्या मुलीला कुठं थांबू द्यायचं, तोच प्रश्न दोनदा न विचारता खुलासा कसा मिळवायचा, उलटतपासणी तोंडासमोर न करता लेखी प्रश्नांतून कशी करायची, हे मी वाचून आणि समितीतल्या, संस्थेबाहेरच्या सदस्य ताईंना विचारून शिकतेय. पाच तास शिकवून झाल्यावर, सहा वाजता, दिवे गेले तर मोबाईलच्या उजेडात. कार्यशाळेचं मानधन, शाल आणि फ्लेक्स यांवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात चौकशी समितीचं दोन दिवसांचं खरं शिक्षण होईल.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१५ च्या विनियमांत स्पष्ट लिहिलंय की चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीच्या कामाचं, परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून त्या माणसाला रोखता येतं. तिला किंवा त्याला दुसऱ्या विभागात हलवता येतं, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी समितीवर असू नये आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले असावेत, हेही त्यात आहे. इतकी वर्षं व्याख्यानं ऐकताना मूल्यमापनाचं ते एक वाक्य कुणी व्यासपीठावरून मोठ्यानं वाचल्याचं मला आठवत नाही. मुलींना सगळ्यात आधी तेच सांगायला हवं. व्याख्या त्यांना माहीत असतात. अंगावर आलेलं असतं.

वर्षाच्या शेवटी अहवाल जातो. आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या, नव्वद दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा, केलेली कारवाई. कार्यशाळांचा रकाना सोडला तर बाकी सगळीकडं हेडक्लार्क सवयीनं "निरंक" लिहितात, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येते तेव्हा ती फाईल अभिमानानं पुढं ठेवली जाते. एका बैठकीत एक ज्येष्ठ सर म्हणाले, "आपल्याकडं वातावरण चांगलं आहे, बघा, एक तक्रार नाही." हजारो मुली जिथं शिकतात तिथं वर्षानुवर्षं एकही तक्रार येत नसेल, तर मला त्या फाईलची भीती वाटते. तक्रार आली म्हणजे संस्थेची बदनामी झाली, ही समजूत जोवर संस्थाचालकांच्या डोक्यातून जात नाही, तोवर प्राचार्यही अर्ज "समजुतीनं मिटवायला" बघणार, आणि मुलीला खुर्ची देऊन, चहा मागवून, "बघ बाळा, तुझंच नाव खराब होईल" असंच सांगणार. मी ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलंय. प्रेमानं म्हटलेलं होतं, त्यानंच मला जास्त त्रास झाला.

ज्या सभागृहात हे सगळं चालतं, तिथं शाहू महाराजांची तसबीर आहे. करवीर संस्थानात १९१९ मध्ये महाराजांनी बायकांना क्रूरपणानं वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, घराच्या उंबऱ्याआड चालणाऱ्या छळाला गुन्हा म्हणायची हिंमत दाखवली होती. शंभर वर्षांनंतर, २०२२ च्या मे महिन्यात, आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि तो पुढं राज्यभर गेला. शिरोळ तालुक्यातलं एक गाव हे उघड बोलू शकलं. तिथल्या लोकांनाही पै-पाहुणे होते, भाऊबंदकी होती. मग शिकलेल्या माणसांनी भरलेल्या आमच्या इमारतींना कसली भीती आहे?

या सत्रात मी समितीपुढं लेखी विषय ठेवले. पेटी ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात, मुलींच्या कॉमन रूमकडं हलवली. किल्ली बाहेरच्या सदस्य ताईंकडं. फलकावरचे नंबर बदलले. पुढची कार्यशाळा फक्त अध्यापकांची आणि मार्गदर्शकांची, व्यासपीठाशिवाय, यावर चर्चा झाली आणि विषय पुढं ढकलला गेला. मी तो परत आणणार आहे. गाईड बदलण्याची पद्धत एका पानावर लिहून संशोधन केंद्राच्या फलकावर लावावी, असं विद्यापीठाकडं पत्र गेलंय.

दरम्यान एक अर्ज आला. तपशील मी सांगणार नाही. लिहिणारी मुलगी आता आमच्याकडं नाही, तिची पदवी पूर्ण झालीय, आणि तिनं पहिल्याच ओळीत लिहिलंय की मुदत संपलीय हे मला माहीत आहे. कार्यालयात म्हणाले, मुदतीबाहेरचा आहे, परत पाठवूया. मी तो आवक नोंदवहीत घ्यायला लावला आणि आवक क्रमांक पडेपर्यंत टेबलापासून हलले नाही. शनिवारी समितीची बैठक आहे. या अर्जावर कायद्याखाली चौकशी उभी राहणार नाही असं काही सदस्य म्हणतील, आणि कलम वाचलं तर त्यांचं म्हणणं खोडता येणार नाही. पण त्या केबिनमध्ये आज दुसऱ्या मुली सह्या घ्यायला जातात, त्यांची मुदत संपलेली नाही. त्यांना एकेकीला, बाहेरच्या ताईंच्या उपस्थितीत, कॉलेजच्या बाहेर भेटून विचारायला कुठलंही कलम अडवत नाही. एवढं मी शनिवारी मांडणार आहे, आणि या वर्षीच्या अहवालात पहिल्या रकान्यात आकडा लिहायला लावणार आहे.